गळ्याएवढ्या पाण्यासाठी

धक्क्यावर दोन रांगा होत्या. एक बेटावर राहणाऱ्यांची, दुसरी आमच्यासारख्या उपऱ्यांची. राहणाऱ्यांची रांग हसत-खिदळत पुढे सरकत होती. कुणाच्या हातात कोंबड्यांच्या खाद्याची गोणी, कुणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची खुर्ची. आमची रांग मात्र जागच्या जागी पिकत होती. बोटीत आधी बेटावरच्या माणसांना घ्यायचं, मग जागा उरली तर आम्हाला. नियम चांगलाच आहे. आपण त्या रांगेत नसलो की नियम फार चांगले वाटत नाहीत, एवढंच.

आम्ही तिघी होतो. मी, माझी नात यशू आणि कुंदा. कुंदा म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी शिकत होते, त्या दिवसांतली माझी रूममेट. मूळची पुण्याची, आता टेक्सासमधल्या प्लेनोत एका प्रचंड घरात एकटी राहते आणि घरातल्या प्रत्येक खोलीतून मला वेगळा फोन करते. मी त्याच राज्यात शुगर लँडला मुलीकडे असते. यशू माझी नात, कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, शिव्यासुद्धा. उत्तरं मात्र तिच्या भाषेत येतात.

"आजी, नेक्स्ट बोट. दे आर सेइंग नेक्स्ट बोट."

"मागच्या वेळीही नेक्स्टच म्हणाले होते," कुंदा म्हणाली. "विमे, मी सांगते, आपण इथेच मरणार. धक्क्यावर. निदान माझ्या पर्समधली खारी तरी आधी संपवू."

मला त्या बेटावरच्या समुद्रात गळ्यापर्यंत जायचं होतं. एवढंच. फोटो नको, सूर्यास्त नको, नारळात खोचलेली ती कागदी छत्री तर मुळीच नको. पुढच्या महिन्यात माझे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत. त्यानंतर वाळू, लाटा, घसरण यांच्यावर डॉक्टरीणबाईंनी आधीच लांबलचक काट मारून ठेवलीय. म्हणून आत्ता. आणि म्हणून त्याच बेटावर, जिथे मी चाळीसेक वर्षांपूर्वी जाऊन आले होते. जाऊन आले, आणि कोरडीच परत आले.

तेव्हाच्या त्या पोरीचं, म्हणजे माझंच, जरा वर्णन करते, म्हणजे माझ्यासारखा तुम्हालाही तिचा राग येईल. नागपूरहून रसायनशास्त्रात संशोधन करायला आलेली. लांब, तेलकट वेणी. आईने भरून दिलेल्या खोबरेल तेलाच्या बाटल्या पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत दगडासारख्या गोठायच्या, तर ही पोरगी चमच्याने तेल खरवडून काढायची आणि रेडिएटरवर वाटीत वितळवायची. सगळ्या अपार्टमेंटला खोबऱ्याचा वास. बर्फावरून चालताना घसरू नये म्हणून ही मनातल्या मनात बुद्धं सरणं गच्छामि म्हणायची, आणि गच्छामिच्या मि-वर हमखास आपटायची. कॅम्पसच्या बसमध्ये कुणी शेजारी बसलं की 'सॉरी' म्हणायची. स्वतःच्याच सीटवर बसल्याबद्दल सॉरी! आज ती मला भेटली तर मी तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवीन.

त्या हिवाळ्याचे आवाज अजून कानात आहेत. रेडिएटरची सूं सूं, मग एकदम ठण्ण. बाहेर फावड्याने बर्फ खरवडल्याचा खर्र खर्र. वरच्या मजल्यावर कुणीतरी कायम एकच कॅसेट लावलेली. आणि आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, जी ऐकून खालच्या मजल्यावरचा एक शांत, गोरा विद्यार्थी एकदा आग लागली समजून चप्पल न घालता रस्त्यावर धावला होता. इंडियन दुकान असं नव्हतंच. कुणी मोठ्या शहरात गेलं की आपल्या मंडळींच्या याद्या निघायच्या. हिंग, मोहरी, कडीपत्ता मिळाला तर बघ. कडीपत्ता कधीच मिळायचा नाही.

अशात कुंदाने एके दिवशी जाहीर केलं, स्प्रिंग ब्रेकला आपण समुद्रावर जायचं. पोर्तो रिको. अमेरिकेचंच आहे, व्हिसा लागत नाही, मला डिपार्टमेंटच्या बोर्डावर तिकीट दिसलंय. तिथून पुढे बोटीने एक छोटं बेट आहे, तिथे कुणी जात नाही.

"कुणी जात नाही तर आपण कशाला जायचं?" त्या पोरीने विचारलं होतं.

तरी तयारी तिनेच केली. आणि काय तयारी! तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डोंगर. शेंगदाण्याची चटणी. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत तांदूळ आणि मूगडाळ. छोटा कुकर, त्याची शिट्टी वेगळी, हरवायला नको म्हणून मोज्यात. पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कापडी पिशवीत घालून, ती पिशवी कुर्त्याच्या आत गळ्यात. अमेरिकेतून अमेरिकेत जायला हा पासपोर्ट सबंध प्रवासभर तिच्या छातीला चिकटून घामेजत राहिला. बाहेर बर्फ पडत होता आणि आत आम्ही पुऱ्या तळत होतो, खिडक्या वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या.

"विमे, आपण बीचवर चाललोय की वनवासाला?" कुंदाने विचारलं होतं.

या खेपेला आम्हाला शेवटी तिसऱ्या बोटीत जागा मिळाली. पहिल्या खेपेला बोटी मासेमारांच्या गावातून सुटायच्या, तिथे बाजारच्या वाटेवर तळलेल्या माशांचा आणि लसणाचा वास असायचा. आता धक्का एका जुन्या लष्करी तळाच्या आवारात हलवलाय. नुसतं डांबर, जाळ्या आणि ऊन. वास कसलाच नाही. फार तर सनस्क्रीनचा.

बोटीत एसी इतका थंड, की कुंदाने पर्समधून शाल काढली. मी खिडकीच्या काचेला नाक लावून बसले. काच खारट पाण्याने धुरकट झालेली, बाहेर नुसता एक निळा डाग हलत होता. मागच्या वेळी आम्ही बोटीच्या वरच्या उघड्या भागात बसलो होतो, डिझेलचा धूर थेट तोंडावर. मी सबंध वेळ पिशवीत तोंड घालून ओकत होते आणि कुंदा माझी वेणी धरून वाऱ्यावर गाणी म्हणत होती. ओकारीचं सोडा, तो वारा मला हवा होता. आताच्या या थंडगार डब्यात बसून समुद्र ओलांडला तर तो ओलांडला असं कसं म्हणायचं?

"आजी, यू ओके?"

"नाही," मी म्हटलं. "मळमळतसुद्धा नाहीये, म्हणून नाही."

यशूने भुवया उंचावल्या आणि परत फोनमध्ये गेली. बिचारी. तिने किती आठवड्यांपासून सगळं ठरवून ठेवलं होतं. विमान, हॉटेल, बोट, आणि बेटावर फिरायला एक जीप. माझ्याच मूर्खपणाने त्यातली एक गोष्ट आता नव्हती.

सांगते. जीपचं भाडं बघून आम्ही दोघी म्हाताऱ्या भडकलो होतो. कुंदा फोनवर म्हणाली, "एवढ्यात तर माझं लग्न झालं होतं." मी म्हटलं, "यशू, कॅन्सल कर. तिथे गेल्यावर घासाघीस करू, अर्ध्यात मिळेल." आमच्या पिढीचा हा ठाम समज. कुठलीही गोष्ट समोर उभं राहून, तोंड वाकडं करून, दोनदा उठून जायचं नाटक केल्याशिवाय घेतली, तर ती महागच पडते. यशूने तीनदा विचारलं होतं, "आर यू शुअर?" आणि मी तीनदा मोठ्या ऐटीत मान हलवली होती.

बेटावर उतरलो, आणि जीपवाल्याच्या टपरीवर गेलो. माणूस खुर्चीत रेलून आंबा खात होता. कुंदाने चेहरा वाकडा केला, मी पर्स घट्ट धरली, आम्ही दोघी भांडायला सज्ज. यशूने तिच्या शाळेतल्या स्पॅनिशमध्ये विचारलं. तो मोठ्याने हसला. मग परत हसला. जीप नव्हती. कुणाकडेच नव्हती. गोल्फकार्ट नव्हती, स्कूटर नव्हती. सुट्ट्यांचे दिवस, सगळं आधीच गेलेलं. बुकिंग कॅन्सल करणाऱ्या माणसाला तो पहिल्यांदाच भेटत असावा, कारण त्याने बायकोलासुद्धा आतून आम्हाला बघायला बोलावलं.

"घासाघीस कर ना," यशू मराठीत म्हणाली. वर्षभरात तिने मराठीत उच्चारलेलं पहिलं पूर्ण वाक्य ते. किती छान उच्चार! आणि किती जहरी.

मग उरली ती भाड्याची व्हॅन. ती मात्र तशीच होती, अगदी तशीच. चौकात बदामाच्या झाडाखाली उभी, दरवाजे उघडे, आत तापलेल्या रेक्झिनचा वास. आणि पद्धतही तीच. सगळ्या सीट भरल्याशिवाय हलायची नाही.

पहिल्या वेळी मोठ्या बेटावर, विमानतळावरून बोटीच्या गावाला जाताना, अशीच व्हॅन होती आणि त्या तेलकट वेणीच्या पोरीला पहिल्यांदाच अमेरिकेत घरी आल्यासारखं वाटलं होतं. तिच्या मामाच्या गावाला जाणारी जीप अशीच नाक्यावर तासन् तास उभी असायची, एक मांडी आत, एक मांडी बाहेर अशी माणसं भरत. इथे तिच्या शेजारी एक आजीबाई, मांडीवर लांबच लांब पाव. मागच्या सीटवर एक म्हातारा, त्याच्या पिशवीतून कोंबड्याची मान बाहेर, आणि तो कोंबडा सबंध वाटेत कुंदाच्या मानेकडे संशयाने बघत होता. रेडिओवर तुतारीसारखी वाद्यं ठणठणत होती. पोरीने पुऱ्या काढल्या. डबा फिरला. आजीबाईंनी पुरी हुंगली, खाल्ली, डोळ्यांत पाणी आणून हसल्या आणि दुसरी उचलली. ड्रायव्हरने एका हाताने स्टिअरिंग धरून चार खाल्ल्या.

आणि एका वळणावर ती पोरगी किंचाळली. कैऱ्या! रस्त्याच्या कडेला आंब्याचं झाड, हिरव्यागार कैऱ्यांनी लगडलेलं. दोन हिवाळे तिने कैरी बघितली नव्हती. ड्रायव्हरला वाटलं कुणीतरी गाडीखाली आलं, त्याने कचकन ब्रेक मारला, कोंबडा सुटला, पाव खाली. मग सगळं कळल्यावर तो म्हातारा स्वतः उतरला, कुठूनसा बांबू आणला, आणि माझी ओढणी झोळीसारखी धरून चार माणसं झाडाखाली उभी राहिली. चीक हाताला चिकटला, तो वास नखांत किती तरी दिवस राहिला. परतताना विमानतळावरच्या तपासणीत त्या सगळ्या कैऱ्या काढून घेतल्या. फळं बेटाबाहेर न्यायला मनाई. ती पोरगी तिथे, सगळ्यांच्या देखत, भोकाड पसरून रडली. मुक्कामाला पोचलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा तिला त्या कैऱ्या जास्त प्रिय होत्या. पण तेव्हाही खरं रडायचं कारण वेगळं असावं, असं मला आता वाटतं.

आता चौकात मात्र कुणी पुरीचा डबा फिरवण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. व्हॅनमध्ये आम्ही तिघी आणि बर्फाची पेटी घेतलेला एक कोळी. चालवणारी एक दणदणीत बाई, नखांना नारंगी रंग. ती खिडकीत कोपर ठेवून निवांत बसली होती. परतीची बोट संध्याकाळची. बीच बेटाच्या दुसऱ्या अंगाला. ऊन डोक्यावर आलं, माझे गुडघे ठणकायला लागले.

"यशू, तिला सांग, आम्ही रिकाम्या सीटचेही पैसे देतो."

यशूने सांगितलं. बाईने नकारार्थी मान हलवली. "शी सेज, देन हाऊ विल द अदर्स गो? नेक्स्ट ट्रिप इज आफ्टर लंच."

कुंदा उठली. साडेचार फुटांची माझी मैत्रीण, डोक्यावर नातवाची टोपी, व्हॅनच्या पायरीवर चढली आणि पुण्याच्या स्टँडवर आयुष्य काढल्यासारखी ओरडायला लागली, "बीच! बीच! ए चला बीच! चार सीट, फक्त चार सीट!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आली की माणसं! उन्हाने लाल झालेलं एक जोडपं, ओहायोचं, आणि दोन बायका. चालवणाऱ्या बाईने आरशातून कुंदाकडे बघत दोन बोटं कपाळाला लावली. पुढे ती वाटेत आईच्या घरी थांबली, गॅसची टाकी उतरवली. मग कोळ्याच्या मेव्हण्याकडे थांबली. मग एका मोकाट घोडीला आणि तिच्या शिंगराला रस्ता ओलांडायचा होता, तर इंजिन बंद करून थांबली. मी दात आवळून बसले होते. मागच्या वेळी याच सगळ्या थांबण्यांचं मला केवढं कौतुक वाटलं होतं! तेव्हा वेळ माझ्या ओटीत पडलेला होता. आता तो एकेका थांब्यावर माझ्या देखत खाली सांडत होता.

पाण्याचं सांगायचं राहिलं.

माझी आजी आमच्या नागपूरच्या घरी राहायची. घरात नळ होता, दाराशीच. वडील रेल्वेत होते, आम्ही बौद्ध झालो होतो, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, कुणाच्या बापाची आम्हाला काही म्हणायची टाप नव्हती. पण आजी स्वतः नळ उघडून पाणी प्यायची नाही. उकिडवी बसायची, दोन्ही हातांची ओंजळ करायची आणि वाट बघायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. गावात तिचं अर्धं आयुष्य तसंच गेलं होतं. तळ्याच्या काठावर लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून धार. आई चिडायची. "अहो आत्याबाई, आपलाच नळ आहे, घ्या ना!" आजी मान खाली घालून हसायची. हाताची ओंजळ मात्र तशीच. मीच मग तांब्याने ओतायची. पाण्याचा आवाज, तिच्या बांगड्यांचा आवाज, आणि ओल्या मातीचा वास, कारण अर्धं पाणी तिच्या कोपरावरून ओट्याखाली जायचं.

मी अमेरिकेला निघाले तेव्हा तिने मला जवळ बसवलं. "तिकडे लय मोठ्ठं पानी हाये म्हन्तेत. पोरी, नुसतं पाहून येजो नोको. आंदर जाजो. गळ्यालोक जाजो."

आणि ही पोरगी, संशोधक, अमेरिकेतली, वेणीवाली, त्या बेटावर समुद्रापाशी पोचली आणि काय केलं हिने? झाडाखाली सामान राखत बसली. पायात बूट, बुटांत मोजे. कुंदा लाल रंगाचा पोहायचा पोशाख घालून पाण्यात उड्या मारत होती, तिथून ओरडत होती, "विमे, ये ना! पाणी कसलं मस्त आहे!"

"सामान कोण बघेल?"

सबंध किनाऱ्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. एक मोकाट घोडा होता. सामान राखायचं ते त्या घोड्यापासून, आणि तेही हिला जमलं नाही. ही समुद्राकडे तोंड करून बसलेली असताना त्याने मागून डब्यात तोंड घातलं, चटणीसकट पुऱ्या खाल्ल्या आणि असा काही शिंकला, की ही पोरगी वाळूत पालथी पडली.

मला कुणी अडवलं नव्हतं. हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. अडवणारं एखादं माणूस असतं तर मी त्याच्याशी भांडले असते, वडिलांनी मला भांडायला शिकवलंच होतं. पण तिथे नुसता समुद्र होता. पुढे येऊन माझ्या बुटांपर्यंत पोचायचा, मागे जायचा. ओले कपडे अंगाला चिकटतील. कुंदा काय म्हणेल. थंडी वाजेल. आणि आणखी काहीतरी, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता आणि नाही. मी मोजे काढून पायसुद्धा भिजवले नाहीत. कैरी कापली, मीठ-तिखट लावलं आणि खात बसले. दात आंबले. संध्याकाळी झाडाझुडपांत इवलेसे बेडूक ओरडायला लागले, को-की, को-की, सगळं रान त्या आवाजाने भरून गेलं. तो आवाज इतका सुंदर होता की मला वाटलं, चला, काहीतरी मिळालं. मूर्ख पोरगी.

व्हॅन बीचच्या वळणावर पोचायच्या आधीच वास आला. सडलेल्या अंड्यांचा. ओहायोच्या बाईने नाकाला टॉवेल लावला. चालवणारी बाई आरशात बघून काहीतरी म्हणाली, खांदे उडवले.

"शी सेज, सीवीड. कम्स फ्रॉम फार अवे. एव्हरी इयर नाऊ. टुडे द विंड इज ऑन धिस साइड."

मी उतरले. समोर माझा समुद्र होता, त्याच निळ्या रंगाचा, तसाच. आणि त्याच्या-माझ्यामध्ये तपकिरी, ओल्या, कुजणाऱ्या शेवाळाचा बांध. गुडघ्याएवढा, डाव्या हाताला नजर पोचेल तिथपर्यंत, उजव्या हातालाही. त्यावर माश्यांची भणभण. पाण्यातही तेच, लाटा उचलल्या जात नव्हत्या, नुसत्या जड होऊन हलत होत्या. माझं झाड कुठलं होतं ते कळेना. बदामाची झाडं तर होती, पण सगळीच सारखी, आणि सगळीच माझ्याकडे अनोळखी बघत होती.

ओहायोचं जोडपं परत व्हॅनमध्ये जाऊन बसलं. मी चपला काढल्या.

"विमे, नाही हं," कुंदा म्हणाली.

मी त्या बांधात पाय टाकला. पोटरीपर्यंत आत गेला. गरम होतं ते, आतून गरम, खत कुजताना असतं तसं. काहीतरी टोकदार रुतलं. दुसरा पाय टाकला आणि गुडघ्याने दगा दिला. यशूने एका बगलेत धरलं, कुंदाने दुसऱ्या, आणि दोघींनी मला मागे ओढलं. मी खाली बसले आणि नागपूरच्या आमच्या गल्लीत ऐकलेल्या सगळ्या शिव्या त्या शेवाळाला, त्या वाऱ्याला, त्या बोटीला आणि बूट-मोजे घालून बसलेल्या त्या पोरीला ओळीने दिल्या.

"आजी! लँग्वेज!"

"त्या पोरीला ठेवू दे की नावं," कुंदा म्हणाली. "ती काही इथे नाही ऐकायला. मीच काय तेव्हा शहाणी होते? मीही तुझा हात धरून ओढलं नाही."

"ओढलं असतंस तर मी आले नसते."

"माहितीय. म्हणून तर नाही ओढलं."

मी पाय वाळूत पुसले आणि चपला घातल्या. मग चालवणाऱ्या बाईने हॉर्न दिला. परतायचं होतं. आता बीचवरून परतणाऱ्यांनी व्हॅन भरली होती, एका क्षणात भरली. नको तेव्हा सगळं भरतं.

धक्क्यावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बोटीला अवकाश होता. रांगा लागलेल्या, दोन्ही रांगा, माणसं सामानावर बसून पेंगत होती. धक्क्याच्या बाजूला कोळ्यांच्या नावा पाण्यात ढकलायचा सिमेंटचा उतार होता. शेवाळाने हिरवा, गुळगुळीत, खाली पाण्यात उतरत गेलेला. तो कुजका वास इकडे नव्हता. पाण्यावर डिझेलचा पातळ तवंग होता, त्यात ऊन रंगीत होऊन पसरलं होतं. एक फुटकी बादली तरंगत होती. सुंदर म्हणावं असं तिथे काहीही नव्हतं.

मी यशूला म्हटलं, "हात दे."

"इथे? आजी, इट्स अ बोट रॅम्प."

"पाणी तेच आहे ना?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. तिची बॅग खाली ठेवली, बूट काढले, आणि हात पुढे केला. ही पोरगी माझी नात आहे, हे त्या क्षणी मला नव्याने कळलं.

उभं राहून उतरणं शक्यच नव्हतं. मी उतारावर बसले. बसल्या बसल्या सरकत निघाले, लहान मूल जिना उतरतं तशी. सलवार शेवाळाने हिरवी झाली. रांगेतली माणसं एकेक करून बघायला लागली. एक बाई उठून कठड्याशीच आली.

"विमे, लोक बघतायत गं," कुंदा वरून म्हणाली.

"बघू देत. त्यांना तरी दुसरं काय काम आहे?"

घोटे. पोटऱ्या. गुडघे पाण्यात गेले आणि ठणका एकदम हलका झाला. सलवार फुग्यासारखी फुगली, मी ती दोन्ही हातांनी दाबली, तर कुर्ता फुगला. यशू हसायला लागली आणि तिला हसताना बघून कठड्यावरची बाईही. कंबर. मग सिमेंट संपलं, पायाखाली वाळू आली, मऊ, आणि मी उभी राहिले. आणखी दोन पावलं. पोट. छाती. एक छोटी लाट आली, कुठल्या तरी लांबच्या नावेची, आणि पाणी गळ्यापर्यंत चढलं. खारट पाणी नाकात गेलं. मी ठसकले. ओंजळीत घ्यायचं नव्हतं, कुणी वरून ओतायचं नव्हतं. मीच पाण्यात होते, सगळीकडून.

पाणी कोमट होतं.

मला इतका राग आला! चाळीस वर्षं मी धरून चालले होते की ते गार असेल, दचकवणारं, झोंबणारं, की त्यात जायला फार मोठं धाडस लागत असेल. आणि हे तर आंघोळीला काढून ठेवल्यासारखं. एवढंच होतं? एवढ्यासाठी ती पोरगी बूट घालून बसून राहिली? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं तिला मनात घेऊन फिरले? माझे डोळे चुरचुरत होते, मिठाने असेल. मी पाण्यावर हात आपटला. पाणी उडालं, यशूच्या तोंडावर.

तेवढ्यात भोंगा वाजला. दिवसभरात पहिल्यांदा, फक्त एकदाच, बोट वेळेवर आली होती. रांगा खडबडून उठल्या, गोण्या, खुर्च्या, पेट्या उचलल्या गेल्या.

"विमे, बाहेर ये!" कुंदा दोन्ही हात हलवत ओरडली. "अगं, माणसं चढायला लागली!"

"चढू देत," मी ओरडले. "मला आत्ता कुठे नीट राग यायला लागलाय. तो पुरा होऊ दे, मग येते."